टेकडीवरची मोकळी माती

गावाबाहेरच्या राखीव टेकडीवर एकदा एक कापडव्यापारी कुदळ घेऊन आला. भालचंद्र त्याचे नाव. साठी उलटलेली, हात गादीवर बसून मऊ झालेले. टेकडीचा सारा उतार परदेशी घाणेरीच्या काटेरी जाळीने गिळून टाकला होता, आणि ती मुळासकट काढण्यासाठी काही माणसे दर रविवारी स्वेच्छेने तिथे जमत. त्यांना काम दाखवत असत ते एक वृद्ध गुरुजी; भालचंद्र शाळेत त्यांचाच शिष्य. शिष्याला पाहून त्यांनी नुसते हातमोजे पुढे केले.

भालचंद्राची पत्नी इंदुमती याच टेकडीच्या पायथ्याशी लहानाची मोठी झाली होती. "गौरीच्या दिवसांत आमच्या टेकडीवर कळलावी फुलायची," ती सांगे. "पिवळ्या-तांबड्या पाकळ्या, ज्योतीसारख्या वर वळलेल्या. आम्ही मुली ओटी भरभरून आणायचो. एकदा चला ना बघायला!" पण ते दिवस म्हणजे दुकानात ऐन गर्दीचे. "पुढच्या वर्षी नक्की," असे भालचंद्र म्हणे. अशी कितीतरी पुढची वर्षे निघून गेली, आणि मागच्या हिवाळ्यात इंदुमतीच गेली. आता त्याला एकच ध्यास लागला होता. तिने पाहिलेली टेकडी एकदा डोळे भरून पाहायची.

तो झपाटल्यासारखा राबला. उन्हाळा सरता सरता उताराचा एक मोठा पट्टा स्वच्छ झाला. पण ती उघडी, तांबडी माती त्याला पाहवेना. न राहवून एका सकाळी त्याने रोपवाटिकेतून कळलावीची रोपे आणली आणि कुणी यायच्या आत खड्डे खणून लावायला घेतली.

तेवढ्यात गुरुजी वर आले. ते गुडघ्यांवर बसले आणि लावलेले एकेक रोप मातीसकट अलगद उचलून टोपलीत ठेवू लागले.

"गुरुजी, हे काय करताय?" भालचंद्र ओरडला. "हे काही परकं झाड नाही. इथलंच फूल आहे. तिचं फूल आहे!"

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले. "कळलावीचा कंद जमिनीत निजून राहतो, भालचंद्रा. घाणेरीच्या अंधारात एखादा अजून तग धरून असेल. आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण असलाच, तर असा कुठेही खड्डा खणलास की कुदळीखाली आधी तोच तुटेल. अरे, घाणेरीसुद्धा कुणीतरी बागेची शोभा म्हणून हौसेनंच आणली होती. रिकामी जागा माणसाला सोसवत नाही. हाताशी येईल ते आणून आपण ती भरून टाकतो. ही रोपं घरी अंगणात लाव, तिथे ती सुखानं फुलतील. इथे आपलं काम एवढंच, की वाट मोकळी करून द्यायची. यायचं की नाही, ते येणाऱ्यानं ठरवायचं."

"आणि कुणी आलंच नाही, तर?"

गुरुजींनी शेवटचे रोप टोपलीत ठेवले. मग म्हणाले, "तरी जागा तिचीच राहील."

भालचंद्र खाली बसला. इंदुमती गेल्यापासून तो असा कुठे बसलाच नव्हता. घर पाहुण्यांनी आणि दिवस गिऱ्हाइकांनी भरत राहिला होता. आज त्या उघड्या मातीवर बसून तो पोटभर रडला. गुरुजींनी त्याची समजूत घातली नाही. ते नुसते शेजारी बसून राहिले.

पावसाळा आला. त्या पट्ट्यावर कोवळे गवत उगवले, कुणाला नाव सांगता येईना अशी बारीक पांढरी फुले आली. घाणेरीनेही पुन्हा डोके वर काढले. ती भालचंद्र दर रविवारी निगुतीने उपटत राहिला. कळलावी मात्र आली नाही.

आश्विनात एक नवी बाई कामाला आली. गवतातले मोकळे तुकडे पाहून ती म्हणाली, "काका, किती ओकंओकं दिसतंय हे! काहीतरी लावूया का इथे?"

भालचंद्र हळूच हसला. "नको, ताई. इथे कुणीतरी यायचं आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकून कामाला लागला.

कुणाच्या जाण्याने आपल्यातही अशी एखादी जागा रिती होते; ती भरण्याची घाई करू नये, तण तेवढे काढत राहावे.