आमदारसाहेबांवरचा फोकस

एका गावात एक भोळा फोकसवाला होता. नाव सोपान. फोकसवाला तो त्याच दिवशी सकाळी झाला, कारण आधीचा गडी राणीचं काम करणाऱ्या पोपटशी भांडून रुसून बसला होता. सोपान स्वभावाने सरळ. सांगितलेल्या कामात तो स्वतःचं डोकं कधी घालायचा नाही. घालायला आधी असावं लागतं, असं गाव म्हणायचं. पण गावाचं काय, गाव कुणालाही काहीही म्हणतं.

जत्रेचं नाटक होतं. बसवलं होतं अप्पा मास्तरांनी. बिचाऱ्यांनी उभी हयात बैलगाड्या जोडून, वर फळ्या टाकून नाटकं केली. राजा जरा जोरात चालला की सिंहासन डुलायचं. मरायच्या आधी गावात पक्का रंगमंच बघायचा, एवढी एकच त्यांची इच्छा. यंदा आमदारसाहेब येणार होते. नाटक आवडलं तर रंगमंच तिथल्या तिथे मंजूर, असा त्यांचा शब्द होता. अप्पांनी सकाळपासून घास गिळला नव्हता.

दिवस कलताना तालीम लागली. साऱ्या मंडपाला मिळून एकच फोकस. अप्पा म्हणाले, "सोपाना, सोपं काम आहे. जो बोलेल त्याच्यावर उजेड."

"बरं," सोपान म्हणाला.

त्याने नीट कान देऊन ऐकलं. राजाच्या आधी दर वाक्य पडद्याआडून केरबा प्रॉम्प्टर बोलत होता. राजा नुसता त्याच्या मागून म्हणत होता. सोपानाने पडदा सारला आणि केरबावर फोकस धरला. केरबा बनियनवर बसून पाठ खाजवत होता.

"अरे शहाण्या," अप्पा म्हणाले, "जो नाटकातला नाही त्याला अंधारात ठेवायचं. मग तो कितीही बोलू दे."

"असं होय. मग आधी नाही का सांगायचं?"

दिवेलागणीला साहेब आले. त्यांना शाल झाली, नारळ झाला. मग सरपंचांचा सत्कार झाला, उपसरपंचांचा झाला, आणि जे चुकून पुढच्या रांगेत बसले होते त्यांचाही झाला. साहेब भाषणाला उभे राहिले. "बंधूंनो, मी या तालुक्यातला अंधार दूर केला. वाडीवस्तीवर वीज नेली."

सोपानाने विचार केला. हा गृहस्थ काही नाटकातला नाही. त्याने फोकस बंद केला.

साहेब अंधारात कागद उलटासुलटा करत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "नेली ती इथूनच नेली वाटतं." लोक पोट धरून हसले.

अप्पा घामाघूम होऊन धावत आले. "गाढवा, साहेब म्हणजे आजचा मुख्य माणूस. साहेब हलतील तिकडे फोकस न्यायचा. क्षणभर सोडायचं नाही त्यांना."

"बरं."

नाटक सुरू झालं. राजा अंधारात, राणी अंधारात आणि साहेब खुर्चीत लखलखीत. अप्पांनी कपाळाला हात लावला. पण साहेब खूश होते. मिशीवरून हात फिरवत होते, प्रत्येक टाळीला उठून नमस्कार करत होते. सरपंचांच्या कानात म्हणाले, "नाटक फार छान आहे. संपलं की रंगमंच जाहीर करतो." सरपंचांनी ते अप्पांपर्यंत पोचवलं. रंगमंच मिळत असेल तर राजा अंधारात मेला तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

राजा मरायला टेकला तेवढ्यात साहेब हळूच उठले आणि मैदानाच्या कडेच्या बाभळीमागे गेले.

सोपान सांगितल्या कामाला जागला.

सारा गाव मान वळवून बाभळीकडे बघू लागला. बायकांनी तोंडाला पदर लावले. तिकडे राजाने नेमका प्राण सोडला म्हणून त्याच्या घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना सवयच, त्यांचे हात नमस्काराला उठले. मग ते भानावर आले, लेंगा सावरत गाडीकडे पळाले आणि गाडी सुटली.

गाडीमागे फोकस घेऊन सोपान सुटला. वायर मंडपाच्या मधल्या खांबाला गुंडाळलेली होती. ती ताणली, खांब वाकला, मंडप बसला. फळ्यांखालच्या बैलगाड्यांचे टेकू सरकले. मेलेला राजा, राणी, सिंहासन आणि केरबा एकावर एक पडले.

अप्पांनी कनातीखालून डोकं बाहेर काढलं. डोळ्यांत पाणी होतं. "सोप्या, होतं तेही गेलं रे माझं."

विझलेला फोकस खांद्यावर घेऊन सोपान धापा टाकत परत आला होता. म्हणाला, "अप्पा, रडता कशाला? एवढी वायर जोडून द्या. साहेब अजून वेशीपर्यंतच गेलेत."