आंधळी गोफण

खूप जुन्या काळची गोष्ट. तेव्हा शेतांना कुंपणं नव्हती, राखणदार होते.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाचं सगळं रान नदीला लागून, एकाच पट्ट्यात. जोंधळ्याची कणसं भरायला लागली की रानाच्या मधोमध चार उंच वाशांवर माळा बांधायचे आणि राखणदाराला वर बसवायचे. त्याच्या हातात गोफण. पाखरांचा थवा कणसांवर उतरला की त्यानं गोटा सोडायचा.

बारा वर्षं त्या गावाला एकच राखणदार होता. त्याला आईबाप नव्हते, एक धाकटा भाऊ तेवढा होता. या थोरल्याची एक गोष्ट पंचक्रोशीला ठाऊक होती. बारा वर्षांत त्याच्या गोफणीनं एकही पाखरू पडलं नव्हतं. पोपट नाही, साळुंकी नाही, साधी चिमणी नाही. गोटा सुटायचा, बांधावरच्या काळ्या खडकावर जाऊन फाडकन आदळायचा, थवा भुर्रकन उडायचा, आणि थोरला शांतपणे पुढचा गोटा उचलायचा.

गाव त्याला 'आंधळी गोफण' म्हणायचं.

"काय आंधळी गोफण, आज किती पडली?" पाणवठ्यावर कुणीतरी विचारायचं.

"आजपण वाचली बघा," थोरला म्हणायचा, आणि सगळ्यांबरोबर आपणही हसायचा.

धाकट्याला ते हसणं काट्यासारखं लागायचं. तो डोक्यानं गरम होता, आणि त्याचा स्वतःचा नेम असा, की पळत्या सरड्याची शेपटी उडवील.

"दादा, एकदा तरी मार," तो म्हणायचा. "एक कावळा पाड. लोकांची तोंडं बंद होतील."

"तोंडं बंद करायला भाकरी पुरते रे. कावळा कशाला?"

"आणि रोज दोन तुंबे पाणी कशाला नेतोस? म्हैस बसवलीस का माळ्यावर?"

"तहान लागते," थोरला म्हणायचा, आणि पाण्यानं भरलेले दोन्ही भोपळे खांद्याला अडकवून चालू लागायचा.

गावचा पाटील दर वर्षी कुरकुरायचा, की असला राखणदार पाखरांनाच धार्जिणा. आणि दर वर्षी खळ्यावर रास मात्र शेजारच्या गावांइतकीच पडायची, कधी मापभर जास्तच. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

मग एका वर्षी, कणसांत दूध भरत होतं तेव्हा, थोरल्याला ताप आला. तीन दिवसांत तो गेला.

धाकट्यानं अग्नी दिला. घरी आला तर चुलीपाशी थोरल्यानं अर्धी खाऊन ठेवलेली भाकरी तशीच होती, दातांच्या खुणांसकट. ती त्याला खाववेना आणि टाकवेना. तो तिच्याकडे बघत बसला.

लोक भेटायला आले. पाटील ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "भला माणूस होता. कुणाचं वाईट केलं नाही. नेम तेवढा नव्हता बिचाऱ्याला."

बसलेल्यांपैकी दोघातिघांना हसू आलं. त्यांनी ते उपरण्यात लपवलं. पण धाकट्यानं पाहिलं.

तो उठला. खुंटीवरची गोफण काढली. तिची मूठ थोरल्याच्या घामानं काळी झाली होती. ती त्यानं मनगटाला गुंडाळली आणि उंबरा ओलांडला.

"अरे, सुतकात कुठे निघालास?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पाखरं सुतक पाळतात का?" धाकटा म्हणाला, आणि माळ्यावर जाऊन बसला.

त्या दिवशी पाखरं पडू लागली. त्याचा एक गोटा वाया गेला नाही. पोपट पडले, साळुंक्या पडल्या, होले पडले. पाखरू पडलं की तो मोठ्यानं ओरडायचा, "हे माझ्या दादाच्या नावाचं!" रान ओलांडून गावापर्यंत ऐकू जायचं.

सहाव्या दिवशी त्यानं कावळा पाडला. त्याचे पाय दोरीनं बांधून त्यानं तो माळ्याच्या वाशाला उलटा टांगला. शेकडो कावळे जमले. दुपारभर त्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. मग एकेक करून ते नदीपलीकडे गेले, आणि त्यांच्यामागून उरलीसुरली पाखरंही गेली.

रान गप्प झालं. कणसांवर काही उतरेना. दोन दिवसांनी कणसांत अळी दिसू लागली, पण पाटलाला वाटलं, हवेनं झाली असेल. तो माळ्याखाली येऊन म्हणाला, "शाबास. आता कुठे गावाला खरा राखणदार मिळाला."

धाकटा याच शब्दांची वाट बघत होता. पण ते कानावर पडले आणि त्यानं मान फिरवली. त्याला मिळालेली शाबासकी जणू थोरल्याच्याच पाठीवर चाबकासारखी बसत होती.

दहावा दिवस उजाडला.

गाव नदीकाठी जमलं. भाताचा पिंड दर्भावर ठेवला. आता कावळा येणार, पिंडाला शिवणार, आणि थोरला मोकळा होणार. कावळा शिवला नाही, तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलं, असं सगळे मानत. लोक दूर सरून उभे राहिले. धाकटा आभाळाकडे बघू लागला.

आभाळ रिकामं होतं.

"काहीतरी राहिलं असेल त्याच्या मनात," गावचा म्हातारा गुराखी म्हणाला. "बोल बाबा, शब्द दे."

धाकट्यानं हात जोडले. "दादा, घर नीट शाकारीन. गाय विकणार नाही."

पान हललं नाही.

"दादा, लग्न करीन. तू म्हणत होतास तीच मुलगी. ती फार बोलते, तरी चालेल."

गर्दीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. आभाळ तसंच राहिलं.

"दादा, तुला आंधळी गोफण म्हणणाऱ्यांची तोंडं मी बंद केली. तुझ्या नावानं इतकी पाखरं पाडली, की मोजता येणार नाहीत. आता तरी ये."

ऊन डोक्यावर आलं. वाळू तापली. पाटील म्हणाला, "किती थांबायचं? गवताचा कावळा करू, तो शिववू. तशीही रीत आहे."

"नाही," धाकटा म्हणाला. "माझ्या भावाला गवताचा कावळा शिवणार नाही."

"मग खरा कुठून येणार रे?" म्हातारा गुराखी काठीवर हनुवटी टेकून म्हणाला. "त्यांच्यातला एक मारून तू दारात टांगलास. आपलं माणूस ज्या दारात टांगलंय, तिथे तू जेवायला जाशील का?"

 धाकटा वळला आणि रानाकडे धावत सुटला.

माळ्याशी जाऊन त्यानं दोरी कापली. कावळा हातात आला, तो वाळक्या पानासारखा हलका होता. त्याला पुरायला तो जागा शोधू लागला, पण सगळीकडे जमीन टणक. मऊ माती दिसली ती फक्त बांधावरच्या काळ्या खडकाच्या पायथ्याशी. तिथे तो वाकला आणि थांबला.

पायथ्याशी फुटक्या गोट्यांचा गुडघाभर ढीग होता. सगळे गोफणीचे गोटे. आणि ढिगाच्या बरोबर वर, खडकाच्या उतरत्या माथ्यावर, एक खळगा पडला होता. ओंजळीएवढा, उखळासारखा गुळगुळीत. बाकी सगळ्या खडकावर एक टवका उडालेला नव्हता. खळग्याच्या तळाशी पाणी आटून गेल्याचा पांढरा डाग होता. कडेला पाखरांची वाळलेली शीट आणि एक हिरवं पीस. आणि कपारीत थोरल्याचा दुसरा तुंबा होता, बूच लावून नीट ठेवलेला.

धाकट्यानं कावळा पुरला. हात झटकले, पाच गोटे उचलले आणि माळ्यावर चढला. खडक चांगला शंभर पावलं लांब होता. त्यानं गोफण फिरवली. पहिला गोटा खळग्याच्या डावीकडे गेला. दुसरा वरून निघून गेला. तिसरा आणि चौथा कडेला लागून उडाले. पाचवा खळग्यात टेकला न टेकला आणि बाहेर पडला.

अख्ख्या गावात त्याच्या तोडीचा नेम कुणाचा नव्हता. आणि पाचांत त्याला एक साधला होता, तोही धड नाही.

थोरल्यानं तो बारा वर्षं साधला होता. धुक्यात, वाऱ्यात, डोळ्यांवर ऊन असताना. पाखरांच्या थव्यामधून, एका पिसाला धक्का न लावता, ओंजळभर जागेत. आणि थवा उडाला की खाली उतरून त्याच खळग्यात त्यांच्यासाठी पाणी ओतलं होतं. मग पाणवठ्यावर जाऊन लोकांबरोबर स्वतःला हसला होता.

धाकटा त्या माळ्यावर पोटभर रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि रडता रडता त्याची मान आपोआप ताठ झाली.

त्यानं तुंबा नदीतून भरून आणला, खळग्यात ओतला, आणि मग तो पिंडापाशी परतला. या वेळी त्यानं हात जोडले नाहीत. जवळ बसलेल्या भावाशी बोलावं, तसा तो बोलला.

"दादा, मी तुझं नाव धुवायला निघालो होतो. ते मळलेलंच नव्हतं. मळवलं ते मी. तुझी गोफण मी आंधळीच ठेवीन. रोज दोन तुंबे नेईन."

कमरेची गोफण सोडून त्यानं वाळूवर ठेवली आणि तो मागे सरला.

बराच वेळ काही झालं नाही. मग नदीपलीकडून एक कावळा आला. तो करंजाच्या फांदीवर बसला आणि पिंडाकडे न बघता धाकट्याकडे बघत राहिला. धाकटा आणखी दोन पावलं मागे गेला. कावळा खाली उतरला. गोफणीला वळसा घालून त्यानं दोन उड्या मारल्या, आणि तो पिंडाला शिवला.

"सुटला बिचारा," पाटील म्हणाला.

"बिचारा म्हणू नका, पाटील," धाकटा म्हणाला. "चला, दाखवतो."

त्यानं गावाला खडकापाशी नेलं. आधी कुणाचा विश्वास बसेना. पाटील म्हणाला, खळगे पाण्यानंही पडतात. तेव्हा धाकट्यानं पायथ्याचा ढीग दाखवला, आणि पाटलाच्या दोन्ही मुलांच्या हातात गोफण देऊन त्यांना माळ्यावर चढवलं. ऊन उतरेपर्यंत गावातल्या साऱ्या गडीमाणसांनी हात दुखवून घेतले. खळग्यात लागोपाठ दोन गोटे कुणालाही टाकता आले नाहीत.

पाटलानं खळग्यात हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं.

"बारा वर्षं आम्हाला दिसलं कसं नाही?"

"तुम्ही पाखरू पडतं का ते बघत होता," गुराखी म्हणाला. "गोटा कुठे पडतो ते कोण बघतो?"

पाखरं हळूहळू परत आली. त्यांनी दाणे खाल्ले, तशा अळ्याही खाल्ल्या. त्या साली रास थोडी कमी पडली, आणि ती का कमी पडली हे कुणाला सांगावं लागलं नाही. पुढच्या सालापासून ती पुन्हा भरू लागली.

धाकटा जन्मभर त्या माळ्यावर बसला. प्रत्येक गोटा खळग्यात पडायला त्याला सात वर्षं लागली. त्या गावात पुढे उत्तम राखणदाराला 'आंधळी गोफण' म्हणण्याचीच रीत पडली. पण पाणवठ्यावर कुणी धाकट्याला त्या नावानं हाक मारली, की तो छाती पुढे काढून म्हणायचा, "तो माझा दादा. मी नुसता त्याचा भाऊ."

मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला मारता येतं आणि तरी जो वाचवतो, त्याचाच नेम खरा.