बावखलाकाठची परी आणि खारट अंडी

वसईच्या एका हिरव्यागार वाडीत, पानवेलींच्या गार सावलीला, इवलंसं कौलारू घर होतं. त्यात फ्लोरी नावाची चिमुरडी आपल्या आईबरोबर राहायची. फ्लोरी रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले. घरात भांडी मोजकी, फ्रॉकला ठिगळं भरपूर. पण ईस्टर जवळ आला की याच घराकडे अख्ख्या वाडीचे डोळे लागायचे, कारण फ्लोरीच्या आईसारखी चॉकलेटची अंडी पंचक्रोशीत कुणाला जमत नव्हती.

काय अंडी होती ती! बाहेरून तपकिरी, तुकतुकीत, लाल-निळ्या चमचमत्या कागदात गुंडाळलेली. दातांखाली आली की कट्‌ करून फुटायची आणि आत खोबरं नि काजूचं मऊ मऊ पांढरं लागायचं. त्या पांढऱ्याच्या पोटात राजेळी केळ्याचं, तुपात परतलेलं, वेलदोड्याच्या वासाचं सोनेरी पिवळं असायचं. अगदी खऱ्या अंड्यासारखं, फक्त कोंबडीला न जमणारं.

आईने फ्लोरीला या अंड्यांची गोष्टही सांगितली होती. फार पूर्वी ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत लोक अंडीसुद्धा खात नसत. पण उपास आहे हे कोंबड्यांना कोण सांगणार? त्या आपल्या रोज अंडी घालायच्या. टोपल्या भरून जायच्या, आणि ईस्टर उजाडला की लोक ती रंगवून एकमेकांना द्यायचे. पुढे कुणी साखरेची अंडी केली, कुणी चॉकलेटची. मग कुणा खादाड माणसाला वाटलं, एवढं सुंदर अंडं आणि आत नुसती हवा? त्याने आत पांढरं-पिवळं भरलं. बंद अंड्यातून पिल्लू येतं तसा बंद दारातून आनंद बाहेर येतो, म्हणून ईस्टरला अंडं, असं आई म्हणायची. फ्लोरीला मात्र त्यातलं केळ्याचं पिवळं जास्त पटायचं.

वाडीतले लोक या अंड्यांसाठी आधीच तांदूळ, डाळ, सुकी मासळी आणून द्यायचे. त्यावरच मायलेकींचा पावसाळा निघायचा. आणि यंदा नेमका आईच्या उजव्या हातावर उकळता पाक सांडला. हात सुजला, फडक्यात गुंडाळला गेला आणि आई तापाने अंथरुणाला खिळली. म्हणून फ्लोरीने फ्रॉक खोचला आणि सगळी अंडी एकटीने केली.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या वाडीत उपासाच्या दिवसांत कुणी गोडाला शिवत नाही. मोह नको म्हणून साखरेची बरणी फळीवर मागे सरकवतात आणि तिच्या जागी मिठाची ठेवतात. गोड केलं तरी चाखत नाहीत. आई वासावरून नि बोटांच्या अंदाजानेच सारण करायची. फ्लोरीनेही तसंच केलं. अंडी सुकायला ठेवली तर त्यांच्याकडे एकही मुंगी फिरकली नाही. यंदा मुंग्यासुद्धा शहाण्या झाल्या म्हणून ती केवढी खूश झाली!

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी ती बावखलावर भांडी घासायला गेली. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. काठावर सोनचाफ्याचं झाड होतं आणि पाण्यात हिरव्या सावल्या डुलत होत्या. फ्लोरीच्या खिशात एक पिटुकलं अंडं होतं. उरल्यासुरल्या सारणाचं, तिच्या वाट्याचं, उद्या सकाळी उपास सोडायला ठेवलेलं. मधून मधून ती खिसा चाचपून बघायची.

तेवढ्यात शेवाळात काहीतरी फडफडलं. चतुर अडकला असेल म्हणून फ्लोरीने हलकेच हात घातला, तर ओंजळीत आली एक परी! चाफ्याच्या कळीएवढी, पिवळ्याधमक झग्यातली. पंख पाण्यावरच्या उन्हासारखे लुकलुकत होते, पण भिजून पार लोळागोळा झाले होते. फ्लोरीने फ्रॉकच्या टोकाने ते टिपले आणि तिला ऊबदार दगडावर ठेवलं. परी कुडकुडत म्हणाली की सकाळपासून पोटात काही नाही.

फ्लोरीने खिशाला हात लावला. मग काढला. मग पुन्हा लावला. खोटं कशाला सांगू, तिला वाईट वाटलं. पण समोर एवढासा जीव उपाशी बसलेला. तिने अंड्याचा चमचमता कागद सोडला आणि ते परीपुढे ठेवलं.

परीने मोठ्ठा घास घेतला. तिचे डोळे बारीक झाले, नाक आक्रसलं आणि पंख ताठ उभे राहिले.

"फ्लोरी," ती अगदी हळुवारपणे म्हणाली, "तुमच्याकडे ईस्टरला खारट खातात का गं?"

फ्लोरीच्या डोळ्यांपुढे फळीवरच्या बरण्या आल्या. पुढची मिठाची, मागची साखरेची! तिने सगळ्या अंड्यांत बारीक मीठ घातलं होतं. उद्या सकाळी वाडीतली मुलं तोंड वाकडं करणार, आईचं नाव जाणार, आणि तांदूळ-डाळ परत द्यावी लागली तर पावसाळ्यात खायचं काय? फ्लोरी भांड्यांच्या मधोमध बसून रडायला लागली.

परीने चाफ्याच्या तीन पाकळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "तू मला तुझ्या वाट्याचं दिलंस. आता तीन इच्छा तुझ्या. पण नीट ऐक. झालेली गोष्ट न झालेली करता येत नाही. काही लपवण्यासाठी मागता येत नाही. आणि ऊन त्या माडाच्या शेंड्यावरून उतरायच्या आत मागायचं."

फ्लोरीने ऐकलं, पण या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. "मिठाची साखर होऊ दे!" ती म्हणून गेली. पहिली पाकळी मिटली आणि पाण्यात पडली. घाबरून तिने लगेच दुसरी इच्छा सांगितली, की अंडी खारट आहेत हे कुणालाच कळू नये. दुसरी पाकळी काळी ठिक्कर पडली.

आता एकच उरली. परी नुसती पंख वाळवत बसली. फ्लोरीला सुचलं, नवे नारळ मागावे, काजू मागावे, केळ्यांचा लोंगर मागावा, रात्रीतून सगळं नव्याने करता येईल. तिने तोंड उघडलं, आणि तिची नजर घराकडे गेली. ताप जरा उतरल्याने अंगणात येऊन बसलेली आई डाव्या हाताने आणि दातांनी फडकं सोडायला बघत होती. ते सुटत नव्हतं. आई जराशी कण्हली आणि लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून लगेच गप्प झाली.

माडाच्या शेंड्यावर उन्हाची चिमूटभर टिकली राहिली होती.

"माझ्या आईचा हात बरा होऊ दे," फ्लोरी म्हणाली.

तिसरी पाकळी काजव्यासारखी उजळली आणि वाऱ्यावर तरंगत घराकडे गेली. फ्लोरी मागोमाग धावली. आईच्या हातावरचं फडकं आपोआप गळून पडलं होतं आणि आई आपली गोरी, नितळ बोटं उघडझाप करून बघत होती. फ्लोरीने तिला मिठी मारली आणि हुंदके देत परीचं, मिठाचं, सगळं सांगून टाकलं.

आईने तिचे डोळे पुसले. "परीने हात दिलाय ना? आता पुढचं हातांनी करू. पण आधी लोकांना खरं सांगून येऊ."

पहिलंच दार सेराफिना काकींचं. काकी म्हणजे वाडीतलं सगळ्यात तिखट तोंड. फ्लोरी पायाच्या अंगठ्याने माती उकरत, खाली मान घालून बोलली. काकींनी सगळं ऐकलं, कमरेवर हात ठेवले, आणि त्यांना इतकं हसू आलं की खांबाला धरावं लागलं.

"अगो पोरी, उपासात न चाखता गोड करायचं, ही आपली सगळ्यांचीच रीत. मग चूक तुझ्या एकटीची कशी? थांब, माझ्याकडे नारळ आहेत."

काकींचं बोलणं म्हणजे दवंडीच. रात्र पडायच्या आत अंगणात नारळ आले, काजू आले, राजेळीचे घड आले. बायका खवायला बसल्या, बाप्ये चुलीला लाकडं सारू लागले. मुलांनी अंडी फोडली आणि चॉकलेट पुन्हा वितळवायला ठेवलं. ते खारट खोबरं-काजू काकींनी पातेलंभर उचलून नेलं, उद्याच्या मटणाच्या वाटणाला छान होईल म्हणून. साखरेची बरणी मागून पुढे आली.

पण चाखणार कोण? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात काकींची दुडदुडणारी नात टिनू पातेल्यापाशी आली. एवढ्याशा बाळाला कसला आलाय उपास! फ्लोरीच्या आईने तिच्या जिभेवर सारणाचं बोट ठेवलं. टिनूने डोळे मिटले, ओठ चाटले आणि आईचं बोट घट्ट धरून ठेवलं. सोडेचना. अख्खं अंगण हसलं.

ईस्टरची सकाळ लख्ख उजाडली. चर्चहून परतताना मुलांच्या हातांत लाल-निळे कागद चमकत होते आणि वाडीभर कट्‌, कट्‌, कट्‌ आवाज चालला होता. आईने उरलेलं एक अंडं फ्लोरीच्या हातात ठेवलं. तिच्या वाट्याचं.

फ्लोरी ते घेऊन बावखलावर धावली. परी दगडावर बसली होती, जणू वाटच बघत. फ्लोरीने अंड्याचे दोन भाग केले आणि मोठा भाग तिच्यापुढे ठेवला. परीने भीत भीत घास घेतला. तिचे पंख थरथरले, झगा झळाळला, आणि केळ्याच्या पिवळ्याहून पिवळा, चाफ्याहून सोनेरी उजेड तिच्यातून सांडायला लागला. बावखल चमचमलं, माड उजळले.

"आता बरोबर झालंय," परी म्हणाली आणि त्या उजेडातच विरून गेली.

दगडावर चमचमता कागद तेवढा उरला. फ्लोरीने आपला अर्धा भाग तोंडात टाकला, आणि एवढ्या दिवसांनंतर लागलेलं ते गोड जिभेवर घोळवत ती तिथेच बसून राहिली.

तेव्हापासून त्या वाडीत ईस्टरची अंडी कुणीही करो, सारणाचं पहिलं बोट घरातल्या सगळ्यात लहान बाळाला मिळतं. आणि एक अर्धं अंडं बावखलाकाठच्या दगडावर ठेवलं जातं. सकाळी ते तिथे नसतं. मुंग्या खातात असं मोठी माणसं म्हणतात. म्हणू देत बापडी.