चाळीस चिंचोक्यांचा राक्षस

राक्षस घडवावा तर तो नारबानेच, असं साऱ्या चांदोरे संस्थानात बोललं जायचं. म्हणजे मीच बोलायचो, बाकीचे हसायचे. मला शंभरापर्यंत आकडे येतात, तेही साठीत जरा अडखळतात.

आमच्या भैरवसिंह महाराजांना लढाईची हौस दांडगी, पण लढायला शत्रू एकही नाही! म्हणून दरबारात खेळ मांडायचा. जमिनीवर रांगोळीचं जंगल, त्यात पाच लाकडी वीर. एक महाराजांचा, बाकीचे दिवाणजी, सेनापती, राजवैद्य आणि धाकट्या राणीसाहेबांचे. मी गोष्ट सांगत सांगत त्यांना गुहेपर्यंत न्यायचं आणि गुहेतून राक्षस काढायचा. राक्षसाचा जीव चिंचोक्यांत मोजलेला. वीराने सात कवड्या फेकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके चिंचोके राक्षसाच्या ढिगातून उचलायचे. मग राक्षसाच्या वतीने मी फेकायच्या, आणि जो पुढे उभा असेल त्याच्या ढिगाला हात घालायचा. वीराचे वीस चिंचोके संपले की वीर मेला.

पहिला राक्षस केला शंभर चिंचोक्यांचा. महाराज पान चघळून व्हायच्या आत मेले. दुसरा केला तीन चिंचोक्यांचा. महाराजांनी एका फेकीत संपवला आणि अशी जांभई दिली, की मला वाटलं आता मलाच गिळतात. म्हणून तिसरा केला चाळीसचा, अगदी मापात! महाराज पुन्हा मेले.

"नारबा!" महाराज गरजले. "एकदा डोंगर उभा करतोस, एकदा मुंगी! परवा शेवटची संधी. राक्षस असा हवा, की विजय आमचाच, पण घाम फुटल्यावर! आणि मुद्दाम वाईट खेळलास तर खबरदार!"

"आणि नाही जमलं तर, सरकार?"

"तुला राक्षसाचं माप घेता येत नाही ना? मग पिंजऱ्यातलं अस्वल तुझं माप घेईल!"

दरबार हसला, अस्वल आज आपल्या वाट्याला नाही म्हणून. मीही हसलो, सवयीने. घरी येऊन बायकोला म्हटलं, "अस्वलांना म्हाताऱ्यांचं मांस आवडतं का गं?" ती म्हणाली, "तुमचं तोंड तेवढं टाकून देईल." ती नेहमी धीर देते.

दुसऱ्या दिवशी हौसा आली. कागदाचा लगदा थापून बोहाड्याच्या, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या जत्रेसाठी मुखवटे करणाऱ्या कारागिराची ही लेक. आदल्या दिवशी मुखवटे पोचवायला आली होती, तेव्हा दाराशी बसून तिने सगळा खेळ पाहिला होता.

मी चिंचोके मांडून बसलो होतो. "पस्तीस करू की अडतीस?"

"चाळीसच ठेवा, आजा. एकही हलवू नका."

"अगं, चाळीसात महाराज मेले!"

"मेले खरे. पण कवड्या फेकल्या कुणी?"

"महाराजांनी."

"आणि दिवाणजींनी?"

मी आठवून पाहिलं. दिवाणजी म्हणाले होते, 'आधी महाराज!' सेनापती म्हणाले होते, 'धन्याआधी तलवार उपसू? शिव शिव!' राजवैद्यांकडे वीराचे गेलेले चिंचोके परत देणारी औषधाची पुडी होती, पण ती महाराजांच्या परवानगीने द्यायची. परवानगी मागेपर्यंत महाराज मेले, आणि मेलेल्याची परवानगी कशी मागावी, या विचारात वैद्यबुवा खेळ संपेपर्यंत बसून राहिले!

"पाच जणांचा राक्षस तुम्ही एकट्याला वाढताय," हौसा म्हणाली. "मला पाच मुखवटे आणि पाच घोंगड्या द्या, बाकी माझ्यावर सोडा."

तिसऱ्या दिवशी तिने पाचही जणांना अंगठ्या, पागोटी, दागिने काढायला लावले. आतल्या खोलीत पाठवून एकेकाला अंधारात मुखवटा चढवला, वर घोंगडी टाकली. बाहेर आले ते पाच भुतांचे अवतार! मुखवट्याआडून आवाज असा घुमायचा, जणू रांजणात कुणी बोलतंय. राजा कोणता, हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं. सारख्याच पाच वीरांतला एकेक उचलून ते बसले.

राक्षस गुहेतून निघाला. कुणी कुणाची वाट पाहीना! वाघ-मुखवट्याने धडाधड कवड्या फेकल्या. मोर-मुखवट्याने त्याच्याही आधी हात घातला. मीही जीव तोडून खेळलो, कारण अस्वल आठवत होतं. वाघाचे तीनच चिंचोके उरले, तरी गडी पुढेच!

"मागे सर, ठोंब्या! मरशील ना!" मोर ओरडला आणि त्याला ढकलून स्वतः पुढे झाला. बैल-मुखवट्याने न विचारता औषधाची पुडी वाघाच्या हातात कोंबली. राक्षसाचे चार चिंचोके राहिले, दोन राहिले, आणि हत्ती-मुखवट्याने शेवटची फेक केली.

मेला! राक्षस मेला!

वाघाने मोराला उचलून दरबारभर नाचवलं. नाचता नाचता दोघांचे मुखवटे गळाले. महाराजांच्या खांद्यावर दिवाणजी! महाराजांच्या कपाळावरून घामाच्या धारा.

दरबार गार पडला. दिवाणजी तर वरच्या वर थिजले.

"नारबा," महाराज धापा टाकत म्हणाले, "या राक्षसाचं बळ किती कमी केलंस?"

मी बोट हौसाकडे केलं. संकटात मी बायकांचा फार मान राखतो.

"एका चिंचोक्याचंही नाही, सरकार," हौसा म्हणाली. "तुम्हाला राक्षसाने मारलंच नव्हतं. तुम्हाला यांच्या अदबीने मारलं होतं!"

महाराज असे खदाखदा हसले, की दिवाणजी खांद्यावरून घसरले. "ठोंब्या! मला ठोंब्या म्हणाला! आणि त्यानेच वाचवलं!" जत्रेचे सगळे मुखवटे यापुढे हौसाच्या घरचेच, असा हुकूम तिथेच सुटला. वर जरीचं लुगडं, आणि खेळात सहावी बैठक. मला काय मिळालं? अस्वल मिळालं नाही, हेच पुष्कळ.

"आता सगळे धीट झाले," महाराज डोळे पुसत म्हणाले. "उद्यापासून मुखवट्यांशिवायच खेळू!"

"खेळू की," हौसा लुगड्याची घडी काखेत मारत म्हणाली. "पण मग आधी ते अस्वल जंगलात सोडा, सरकार."