पाठीमागचा आवाज

"म्हणजे अशी दुआ आहे, की नाही?"

मिन्हाज पेवेकरनं पुन्हा विचारलं. याकूब उस्ताद मशिदीच्या ओट्यावर बसून जुन्या चटईची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसली दुआ?"

"पाठ केलेलं कुराण न विसरण्याची."

"हाय की."

मिन्हाज लगबगीनं पुढे सरकला.

"रब्बी झिदनी इल्मा," उस्ताद म्हणाले. "परवरदिगारा, माझं ज्ञान वाढव."

मिन्हाजचा चेहरा पडला.

"ती तर मक्तबातल्या पोरांनाही येते, उस्ताद."

"म्हणून त्यांना आठवतं पण."

आता कुणीही शहाणा इथं उठून गेला असता. पण मिन्हाज तसा उठून जाणारा नव्हता, आणि त्याची गरजही तशी नव्हती.

खाडीकाठच्या या गावात तो अलिफ-बे शिकला ते याच ओट्यावर, याच उस्तादांपुढे. मग घाटावरच्या मोठ्या मदरशात गेला आणि सगळं कुराण तोंडपाठ करून, डोक्याला हाफिजाची पगडी बांधून परत आला. आवाज असा गोड, की तो वाचायला बसला की मछवे लावणारेही हातातली दोरी धरून थांबत. हा आवाज गोड आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त मिन्हाजला.

तोच मिन्हाज अलीकडे विसरू लागला होता.

सूरह रहमान या अध्यायात त्याची गाडी अडे. त्या सूरहमध्ये अल्लाहची एकेक देणगी सांगितली जाते आणि दर वेळी तोच प्रश्न येतो, तुम्ही आपल्या रबच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल? तो प्रश्न आला की मिन्हाजला कळेना, आपण पहिल्या देणगीपाशी आहोत की पुढच्या. सगळी दारं सारखी असलेल्या चाळीत पाहुणा चुकावा, तसं त्याचं होई.

आणि रमजान तोंडावर आला होता. महिनाभर रोज रात्री इशानंतर तरावीहची नमाज, सगळं गाव पाठीशी उभं, आणि पुढे एकट्यानं कुराण तोंडपाठ म्हणायचं. तिथं तो अडकला, तर गावची जमात बाहेरगावचा हाफिज बोलावणार, हे उघड होतं. तशी कुजबुज सुरूही झाली होती.

पण खरी भीती त्याहून मोठी होती. कुराण दावं सोडून पळणाऱ्या उंटाहून लवकर निसटतं, असं त्याला लहानपणी शिकवलेलं. कोकणात उंट पाहिलाय कुणी? पण निसटणं म्हणजे काय, ते त्याला आता कळत होतं. रात्री झोप लागत नव्हती त्याला.

म्हणून तो दुआंच्या मागे लागला. एक दुआ पहाटेच्या फजरच्या आधीची, एक कपाळावर हात ठेवून म्हणायची, एक पाण्यावर फुंकून प्यायची. कुणी बदाम सांगितले, ते खाल्ले. कुणी मनुका सांगितल्या, त्याही खाल्ल्या. सकाळ दुआंत जाई आणि कुराण उघडायला वेळच उरत नसे. औषधानंच पोट भरल्यावर माणूस जेवणार कुठून?

एकच दुआ मिळायची राहिली होती. गावात बोलत, की उस्ताद संध्याकाळच्या मगरिबनंतर हात उचलून काहीतरी पुटपुटतात, ते आजवर कुणाला नीट ऐकू आलेलं नाही. त्याच दुआची बरकत म्हणून त्यांच्या हाताखालचा दगडही हाफिज होतो. नाहीतर इद्रीस कसा झाला असता? इद्रीसच्या डोक्यात अलिफ शिरायला एक पावसाळा गेला होता. तो आता याच मशिदीच्या मक्तबात पोरांना अलिफ-बे शिकवत होता.

"उस्ताद, ती नाही," मिन्हाज म्हणाला. "तुमची. मगरिबनंतर मागता ती."

सुईचा हात थांबला.

"ती तुला गोड नाय लागायची."

"कडू असली तरी चालेल."

"कडू पण नाय..." उस्तादांनी दोरा दातांनी तोडला. "आधी म्हणून दाखव. सूरह रहमान."

मिन्हाजनं हातपाय-तोंड धुऊन वुझू केला. गुडघे मोडून समोर बसला. डोळे मिटले.

आणि काय नवल! आज ती सूरह वाहत्या पाण्यासारखी निघाली. जिथं नेहमी अडे, तिथंही अडली नाही. शेवटचा शब्द संपला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघितलंत उस्ताद? एकदाही अडकलो नाही!"

"नाय अडकलास."

"मग?"

"दोन दर्या एकमेकांना भेटले, तिथनं तू सरळ जहाजांवर चढलास. मधे मोती व्हते. पोवळी व्हती. ती कुठं गेली?"

मिन्हाजनं ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं. दोन दर्या... मग तो प्रश्न... मग मोती आणि पोवळी... मग पुन्हा तोच प्रश्न... आणि मग जहाजं.

मोत्यांची आयत, अख्खी ओळच, गळाली होती. आणि गळताना त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

आजवर तो अडकण्याला भीत होता. न अडकताही चुकता येतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तुम्हाला कळलं होतं," तो म्हणाला. "मग टोकलं का नाहीत?"

उस्तादांनी चटईची शिवलेली कड ओढून पाहिली.

"टोकलेलं तुला आवडत नाय, असं ऐकलं."

मिन्हाजची मान खाली गेली.

ते खोटं नव्हतं. तरावीहला इमामाच्या अगदी पाठीमागे दुसरा एक हाफिज उभा राहतो. तो नुसतं ऐकतो. इमाम कुठं चुकला, तर तिथला बरोबर शब्द मोठ्यानं म्हणतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. इमामानं तो घ्यायचा आणि पुढे जायचं. ही रीतच आहे, आणि त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही.

गेल्या रमजानात मिन्हाजच्या पाठीमागे इद्रीस होता. एका रात्री त्यानं लुकमा दिला. मिन्हाजनं घेतला नाही. इद्रीसनं तो पुन्हा दिला. मिन्हाज आवाज चढवून पुढे निघून गेला. आणि नमाज संपल्यावर, सगळी जमात बसलेली असताना, मागे वळून म्हणाला, "अलिफ-बे शिकवणाऱ्यांनी माझ्या वाचण्यात खोकू नये."

चूक याची आणि बोलणी त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दुसऱ्या दिवसापासून इद्रीस शेवटच्या सफेत, म्हणजे रांगेत, अगदी दाराशी उभा राहू लागला. त्यानंतर ईदपर्यंत मिन्हाजला एकदाही लुकमा मिळाला नाही. आपण पुन्हा चुकलोच नाही, असं त्यानं धरून टाकलं होतं.

आता ओट्यावर बसल्या बसल्या त्याला ते सगळे दिवस आठवले.

"उस्ताद... गेल्या वर्षी... ईदपर्यंत मी जे वाचलं... ते बरोबर होतं ना?"

"मी तापानं घरी पडलो व्हतो. तुझ्या मागं कोण व्हता, त्याला विचार."

"मागं कुणी नव्हतं."

उस्तादांनी सुई-दोरा गुंडाळून ठेवला.

खाडीवर भरती चढत होती. मगरिबची अजान झाली. माणसं आली, सफा लागल्या. उस्ताद पुढे उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागे इद्रीस. मिन्हाज मुद्दाम इद्रीसच्या शेजारी शिरला. आज ती दुआ कानांनी ऐकायचीच, असं त्यानं ठरवलं होतं. एवढं सगळं होऊनही त्याची हौस काही फिटली नव्हती.

उस्तादांनी एक छोटी सूरह धरली, पोरंसोरं झोपेतही म्हणतील अशी. आणि अर्ध्यावर... थांबले.

उभं आयुष्य ज्यांनी गावाला कुराण शिकवलं, ते उस्ताद, आणि या सूरहमध्ये!

इद्रीसनं पुढचा शब्द दिला. खणखणीत आणि स्वच्छ.

उस्तादांनी तो शब्द उचलला आणि पुढे गेले. खांदा हलला नाही, आवाज चढला नाही. सफेत कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. लाजेनं कान गरम झाले ते एकट्या मिन्हाजचे, आणि तेही का, हे त्याला सांगता आलं नसतं.

नमाज झाली. माणसं एकेक करून उठली. उस्ताद तिथंच बसून राहिले आणि त्यांनी हात उचलले. मिन्हाज श्वास रोखून त्यांच्या पाठीला जवळजवळ टेकला. आता अरबीतलं काहीतरी येणार, कुठल्या तरी बुजुर्गाकडून पिढ्यान्‌पिढ्या उतरलेलं.

उस्ताद घरच्या बोलीत मागत होते. शेजाऱ्याकडे विरजण मागावं इतक्या साधेपणानं.

"या अल्लाह... इद्रीसचा गळा शाबूत ठेव. त्याला माझी भीड वाटू देऊ नको."

बस. हात चेहऱ्यावरून फिरवले आणि दुआ संपली.

मिन्हाज थक्क होऊन बघत राहिला.

"हीच? रोज हीच मागता?"

"माणसाचं नाव बदलतं. इद्रीसच्या आधी दुसरा व्हता. त्याच्या आधी तिसरा."

"आणि स्वतःसाठी?"

उस्तादांनी असं पाहिलं, जणू त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

इद्रीस कुराणाच्या प्रती फडताळात लावत होता.

"उस्ताद, माझ्यासाठी मागा ना काहीतरी."

"माझं आजचं मागून झालं," उस्ताद म्हणाले. "तुला व्हवं तर त्याच्याकडनं मागून घे."

आणि त्यांनी हनुवटीनं इद्रीसकडे खूण केली.

बसल्या जागेपासून फडताळापर्यंत अंतर ते किती! पण मिन्हाजला उठायला फार वेळ लागला. दोनदा तो अर्धा उठून पुन्हा बसला. उस्तादांनी घाई केली नाही.

शेवटी तो इद्रीसपुढे जाऊन उभा राहिला.

"इद्रीस... गेल्या रमजानात तू दिलेला लुकमा बरोबर होता ना?"

इद्रीसनं हातातली प्रत जागेवर ठेवली.

"व्हता."

"चूक माझी होती. आणि मी तुला सगळ्यांसमोर बोललो. मला माफ कर."

"ता मी कवाच सोडून दिलंय."

"तुझ्याकडे दुआ मागायला आलोय. मला विसरायला होतंय, इद्रीस. फार विसरायला होतंय."

इतक्या उघडपणे हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

इद्रीस खाली बसला. मिन्हाज त्याच्यासमोर बसला. इद्रीसनं हात उचलले, मिन्हाजनंही उचलले. उस्तादांचे हात मात्र मांडीवरच होते.

"या अल्लाह," इद्रीस म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, त्याच्या पापण्या ओल्या होत्या. "मिन्हाजचं कुराण असं पक्कं कर, का त्याला पुन्हा कवा कुणाच्या लुकम्याची गरज पडू नये."

मिन्हाजला हेच तर हवं होतं. याच्यासाठीच तो इतके दिवस दारोदार हिंडला होता. जसं हवं तसं, अक्षरशः तेच, या माणसानं त्याच्यासाठी मागितलं होतं.

आता फक्त आमीन म्हणायचं.

त्यानं तोंड उघडलं...

आमीन आलं नाही.

इद्रीस वाट पाहत होता. त्यानं एक डोळा किलकिला करून पाहिलं.

मिन्हाजचे हात हळूहळू खाली आले. त्यानं ते इद्रीसच्या उचललेल्या हातांवर ठेवले आणि तेही खाली घेतले.

"नको, इद्रीस," तो म्हणाला. "असं नको मागूस. तू माझ्या मागं उभा राहा."

तेव्हा उस्तादांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलले.

"आमीन."