हैबतरावांचा रेशमी अंगरखा

कुसूरच्या हैबतराव देशमुखांनी आपला रेशमी अंगरखा रखमाजी परटाकडे धुवायला टाकला आणि वर दम भरला, "उन्हात घालायचा नाही, रंग उडतो. दोरीवर नाही, वळ पडतो. जमिनीवर नाही, इस्त्री तर नाहीच. आणि ओला घडी केलास तर गावाबाहेर काढीन!"

रखमाजी मान डोलावून गेला. दुसऱ्या दिवशी देशमुख एका लग्नाला गेले, तर काय, मांडवात वाजंत्र्यांपुढं त्यांचाच अंगरखा हातात जिलबी घेऊन नाचत होता! आत रखमाजी होता.

"चोरा, माझा अंगरखा घालून मिरवतोस? आजच्या आज गाव सोड!"

रखमाजीनं सावकाश घास गिळला. "मिरवतोय कुठं, सरकार? वाळवतोय. ऊन नको, दोरी नको, जमीन नको. मग मांडवाची सावली आणि माझं अंग, एवढंच उरलं की."

"आणि नाचतोस कशाला?"

"वारा लागायला नको का?"

"अन् ही जिलबी?"

"इस्त्री नको म्हणालात ना! पोट ताणल्याशिवाय सुरकुत्या निघायच्या कशा?"

सारा मांडव खो खो हसला. देशमुखांनी मिशीतलं हसू दाबायचा बराच प्रयत्न केला. मग वाढप्याला हाक मारून म्हणाले, "याला आणखी वाढा रे. बगलेत अजून एक सुरकुती दिसतेय."