सीमेपलीकडची कारवी

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा घाटाच्या अलीकडे एका राजाचं राज्य होतं आणि पलीकडे दुसऱ्याचं. अलीकडच्या राज्यात भिवरा नावाची एक म्हातारी आपल्या नवऱ्याबरोबर राहत असे. नवरा रंगारी. उभा जन्म त्याने लोकांची लुगडी आणि पागोटी रंगवली. आता मात्र त्याची नजर विझत चालली होती. समोरचं माणूसही त्याला आवाजावरून ओळखावं लागे.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ही दोघं पलीकडच्या राज्यात रंगाची मुळं आणायला गेली होती. तेव्हा तिथला एक अख्खा डोंगर कारवीने निळाजांभळा झाला होता. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. मुळं खणायची राहिली बाजूला, दोघं दिवसभर त्या उतारावर बसून राहिली. पुढे संसारात पुन्हा जाणं झालं नाही. पण पाऊस ओसरू लागला की त्या दिवसाच्या गप्पा निघत. भाकऱ्यांना मुंग्या कशा लागल्या, परतताना वाट कशी चुकली, नव्या जोडव्यांनी भिवराची बोटं कशी सोलली, सगळं पुन्हा पुन्हा, हसत हसत.

यंदा कारवी फुलायची होती. पुढच्या फुलोऱ्यापर्यंत नवऱ्याची नजर टिकणार नाही, हे भिवराला कळत होतं.

त्याच सुमारास गावात एक नाईक आला. बैलगाड्यांचा तांडा करून तो लोकांना लांबलांबच्या जागा दाखवायला नेत असे. भिवराच्या अंगणात ताक पीत तो म्हणाला, "आजी, एकदाच काय ते द्या. गाडी, जेवण, मुक्काम, नाक्यावरची जकात, सगळं माझ्याकडे. कारवीचा डोंगर दाखवून तुम्हाला याच अंगणात आणून सोडतो."

भिवराने दंडातली चांदीची वाकी उतरवून त्याच्या हातावर ठेवली.

तांडा निघाला, घाट चढला, सीमा ओलांडून पलीकडच्या राज्यात उतरला. एका धर्मशाळेपाशी गाड्या थांबल्या. मागे एक टेकडी फुललेली होती. "आला तुमचा डोंगर!" नाईक ओरडला. आभाळ भरून आलं होतं. रंगारी काठी टेकत उतरला आणि टेकडीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की भिवराला तो पुन्हा पंचविशीतला वाटला.

पण ती कारवी नव्हती. तो गुलाबी तेरडा होता. तो तर त्यांच्या गावाच्या बांधावरही उगवे.

भिवराने नाईकाला बाजूला घेतलं. "बाबा, हा तो डोंगर नव्हे."

"पुढचा घाट अवघड आहे, आजी. तिकडचे गाडीवाले अडून बसलेत," तो हळूच म्हणाला. "आणि आजोबांना कुठे दिसतंय? ते खूश आहेत. तुम्ही गप्प राहिलात, तर त्यांचं काय बिघडलं?"

तेवढ्यात रंगाऱ्याची हाक आली. "अगं, मला नुसतं काहीतरी हलल्यासारखं वाटतंय. निळं आहे ना?"

भिवराच्या तोंडापर्यंत 'हो' आलं होतं. तिने ते गिळलं. "नाही हो. हा तेरडा आहे. आपल्याला फसवलंय."

त्याचा चेहरा पडला. मग तो चिडून म्हणाला, "सांगितलं नसतंस तर चाललं नसतं?"

"आता तुम्ही माझ्याच डोळ्यांनी बघता," भिवरा म्हणाली. "आज मी खोटं निळं दाखवलं, तर उद्या माझ्या कुठल्या शब्दावर विसंबाल?"

रंगाऱ्याने तिचा हात चाचपून धरला. "चल," तो म्हणाला. "चावडी कुठे आहे ते विचारू."

बाकीचे प्रवासी म्हणाले, "परक्या मुलखात कशाला तंटा? मिळालं ते बघा आणि परत चला." पण ही दोघं गेलीच.

चावडीवर गावचा म्हातारा पाटील बसला होता. दोघांचं ऐकून त्याने नाईकाला बोलावून घेतलं. नाईक म्हणाला, "पाटील, बोलणी झाली त्यांच्या राज्यात, टेकडी तुमच्या राज्यात. यात तुमचा काय संबंध? शिवाय ही जागा धर्मशाळेवाल्याने सुचवली. त्याला विचारा."

"यांच्या अंगणात शब्द कोणी दिला? धर्मशाळेवाल्याने?"

"मी दिला."

"मग सीमेवर तू जकात दिलीस तेव्हा तो शब्द तिथेच ठेवून आलास का?" पाटलाचा आवाज चढला. "तुझ्या भरवशावर ही माणसं घर सोडून आली. वाटेत तू कोणाकडूनही काम करून घे, पण ते बिघडलं तर जाब तुलाच द्यावा लागेल. आणि समोरच्याला दिसत नाही म्हणून खोटा माल दिलास, याची तर मला जास्त चीड येते. आता तुझ्या खर्चाने यांना खऱ्या डोंगरावर ने. सगळ्या तांड्याला ने. आणि ठरल्याप्रमाणे घरी पोचव."

नाईकाने गाड्या जुंपायला सांगितल्या. तंटा नको म्हणणारे प्रवासीही आता गाड्यांत चढले.

कारवीचा फुलोरा ओसरत आला होता, तरी निम्मा डोंगर निळा होता. ऊन लख्ख पडलं होतं. भिवराने एक फांदी वाकवून नवऱ्याच्या डोळ्यांशी धरली. तो कितीतरी वेळ बघत राहिला. "या निळ्यात लाल फार थोडा मिसळलाय गं," तो शेवटी म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. दोघं मावळतीपर्यंत तिथे बसली. जुन्या गोष्टी निघाल्या. आता नसलेल्या माणसांची नावं निघाली. त्या हंगामात नाईकाच्या हाती काहीच उरलं नाही. पुढे ही हकीकत कानावर गेल्यावर दोन्ही राजांनी मिळून दवंडी पिटवली, की जो प्रवाशाला घरून नेईल त्याने घरी परत पोचेपर्यंत जबाबदार राहावं, वाटेत कितीही सीमा लागोत.

तात्पर्य : दिलेला शब्द परक्या मुलखातही तितकाच बंधनकारक असतो, आणि तो पाळ म्हणून सांगायला गेलेला माणूस भांडखोर नसतो.